कोरड्या डोक्याचे दिवस

दर वर्षी माझ्या सातवीच्या वर्गातली एखादी मुलगी मान खाली घालून बसायला लागते. उत्तर येत असतं, तरी हात वर करत नाही. मधल्या सुट्टीत तिला थांबवून घेतलं की कारण दिसतं. कपाळावर चार, हनुवटीवर दोन, आणि एक नाकाच्या अगदी शेंड्यावर. मग ती जमिनीकडे बघत विचारते, "बाई, तुमचा चेहरा एवढा साफ कसा? तुम्ही काय लावता?"

"काही लावत नाही," मी म्हणते. ते खरंच आहे, पण अर्धं उत्तर आहे. उरलेलं अर्धं डबा खाता खाता सांगण्यासारखं नाही, म्हणून इथे लिहून काढते. ज्या मुलीला घाई असेल तिने शेवटून दुसरा भाग तेवढा वाचावा. पथ्याचं सगळं तिथे आहे. बाकीचं माझ्या आईबद्दल आहे.

बाईंना देवी आल्यात

पन्नासची सालं नुकती लागली होती. आम्ही बोरिवलीला एका बैठ्या चाळीत दोन खोल्यांत राहत होतो. बाबा परळला गिरणीत कामाला होते. आईला लहानपणी सांधेदुखीचा मोठा ताप येऊन गेला होता आणि तेव्हापासून तिला दम लागायचा. धुरातून बाहेर पडा, मोकळ्या हवेत राहा, असं कुणी डॉक्टरांनी सांगितलं म्हणून बाबांनी लालबागची खोली सोडली. लालबागचे नातेवाईक तेव्हा हसले होते. "बोरिवलीक? थय काय वाघ राखूचे आसत?" अंगणात विहीर होती, मागे भातशेती होती, डोंगरावरून वारा यायचा. आईचा दम खरंच थोडा कमी झाला.

माझा चेहरा मात्र त्याच सुमारास बिघडायला लागला. सोळाव्या वर्षी एखाददुसरी पुटकुळी. एकोणिसाव्या वर्षापर्यंत दोन्ही गालांवर आणि कपाळावर बोट ठेवायला जागा नव्हती. साध्या पुटकुळ्या नव्हेत, आत रुतलेल्या गाठी. हसलं की ताणल्या जायच्या, कुशीवर झोपलं की ठणकायच्या, फुटल्या की उशीच्या अभ्र्याला गाल चिकटायचा. सकाळी तो सोडवताना डोळ्यांत पाणी यायचं.

सल्ला देणाऱ्यांना काही तोटा नव्हता. मसुराची डाळ दुधात वाटून लावली. जायफळ उगाळून लावलं. कडुलिंबाचा पाला लावला, एरंडेल पोटात घेतलं. तुरटी फिरवली, तेव्हा तर आगीतून फुफाट्यात पडले. शेजारच्या काकूंचं औषध सगळ्यांत सोपं. "लग्न झालं की जातात गं!" लग्न कुणाशी होणार, ते मात्र त्यांनी सांगितलं नाही.

त्या वर्षी मला जवळच्याच शाळेत पहिलीच्या वर्गावर तात्पुरतं घेतलं. फार आनंद झाला होता. मुलं लहान, त्यांना काय कळतंय, असं मला वाटत होतं. पंधरवडाही गेला नसेल, पुढच्या बाकावरची एक चिमुरडी उठून उभी राहिली आणि हात जोडून म्हणाली, "बाई, आई सांगते, देवी आल्या की नमस्कार करायचा." मागून दोघांतिघांनी हात जोडले. कुणी हसलं नाही. ती मनापासून पाया पडत होती, म्हणून मला रागावताही येईना.

दुसऱ्या दिवशी दोन आयांनी मुलं पाठवली नाहीत. मुख्याध्यापिकाबाई वाईट नव्हत्या. त्यांनी मला आत बोलावलं, दार लोटलं आणि म्हणाल्या, "सुमन, मला माहीत आहे ही लागण नव्हे. पण पालकांना काय दाखवू? तू मोठ्या इस्पितळात जा आणि डॉक्टरची चिठ्ठी आण. तोपर्यंत घरी राहा." मी मान हलवली आणि बाहेर आले. घरापर्यंतची वाट मी पदर तोंडावर ओढून चालले.

उष्णता

आईने सगळं ऐकून घेतलं आणि पहिली गोष्ट काय केली, तर तेलाची वाटी चुलीच्या कडेला ठेवली.

हे तेल काय होतं ते सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. गावाहून नारळ यायचे. आई त्यांचं खोबरं वाळवून घाण्यावर तेल काढून आणायची आणि त्यात जास्वंदीची फुलं, माका, कडुलिंबाची पानं घालून मंद आचेवर उकळायची. त्या दिवशी अख्ख्या चाळीला वास यायचा. रोज संध्याकाळी ती उंबऱ्याशी बसायची, मला पायरीवर खाली बसवायची आणि टाळूवर तेल जिरवायची. तिच्या मते माझ्या चेहऱ्याचं मूळ डोक्यात होतं. डोक्यात उष्णता शिरली, ती तोंडावाटे बाहेर पडते. डोकं थंड करा, तोंड आपोआप बरं होईल. म्हणून जेवढ्या पुटकुळ्या जास्त, तेवढं तेल जास्त. कपाळावर ओघळ यायचा. आणि सगळं झालं की हाताला राहिलेलं तेल ती माझ्या दोन्ही गालांवरून फिरवायची. "वाया कशाक घालवचा?" असं म्हणायची. तिचे तळवे खरखरीत होते. त्या गाठींवर ते दुखायचे, आणि तरी मी गाल बाजूला घेत नसे. आरसा माझ्याकडे बघून तोंड वाकडं करायचा, चाळ करायची, गाडीतली माणसं करायची. माझ्या चेहऱ्याला किळस न करता हात लावणारं जगात एकच माणूस होतं.

जेवणाचंही तसंच. पोर खंगली, रक्त कमी झालं, म्हणून तिने मला भरवण्याचा सपाटा लावला होता. तळलेला बांगडा, त्याच तेलात पापड, मधल्या वेळेला गुळाच्या पाकातले लाडू. नको म्हटलं तर तिचा चेहरा उतरायचा.

मी पायरीवर बसले आणि शाळेतलं हात जोडण्याचं सांगितलं, तेव्हा तिची बोटं माझ्या केसांत थांबली.

"बरी होतलंस तू," ती म्हणाली. "माका तुझा तोंड एकदा साफ बघूचा हा. मगे माझा काय व्हयत ता होऊ दे."

तिला माझ्या लग्नाची चिंता होती असं लोकांना वाटायचं. ती नव्हती असं नाही. पण तिला खरोखर हवं होतं ते एवढंच. माझी पाठची दोन भावंडं तान्ही असतानाच गेली होती. मी एकटी उरलेली, आणि ती उरलेली तिला धड बघायची होती.

पाटी

इस्पितळात आम्ही दोघीच गेलो. बाबांना खाडा परवडणारा नव्हता. कातडीचा विभाग वरच्या मजल्यावर होता, लांब व्हरांड्याच्या टोकाला. दारावर पाटी होती. त्वचारोग आणि त्याच्याच खाली गुप्तरोग. त्या काळी दोन्ही एकाच दारात असायचे. बाकांवर पुरुष माना खाली घालून बसलेले. एका माणसाची बोटं झडलेली होती. एक बाई भिंतीकडे तोंड करून उभी होती.

"काय लिवला हा थय?" आईने विचारलं. तिला वाचता येत नसे.

"कातडीचा विभाग," मी म्हणाले. दुसरी ओळ मी गिळली. पण आईला वाचता आलं नाही तरी माणसं दिसत होती. तिने आपल्या पदराचं टोक माझ्या डोक्यावरून पुढे ओढलं आणि मला भिंतीच्या बाजूला बसवून स्वतः बाहेरच्या बाजूला बसली. मला तेव्हा फार भीती वाटली. आपल्याला काहीतरी भलतंच निघणार आणि आईच्या देखत निघणार, असं मनात येत होतं. आईचा हात माझ्या मनगटावर घट्ट होता.

डॉक्टर एक तरुण बाई निघाल्या. त्यांनी माझी हनुवटी धरून तोंड खिडकीकडे वळवलं. आईखेरीज दुसऱ्या कुणी माझ्या चेहऱ्याला हात लावल्याला किती वर्षं झाली होती, कोण जाणे. "ह्या तारुण्यपिटिका आहेत," त्या म्हणाल्या. "जास्त चिघळल्यात, एवढंच. महारोग नाही, देवी नाही, कुणाला लागणार नाही. शाळेला तशी चिठ्ठी देते." मी तिथेच रडायला लागले. मला वाटतं, त्या खोलीत आनंदाने रडणारी मी पहिलीच असेन.

मग त्यांनी माझ्या कपाळावरून बोट फिरवलं, बोटाकडे बघितलं आणि विचारलं, "डोक्याला तेल किती लावता?"

आईने अभिमानाने सांगितलं. रोज. भरपूर. घरी उकळलेलं.

"ते बंद करा. ते कपाळावर उतरतं, उशीला लागतं, तिथून गालांना. छिद्रं बुजतात. डोकं धुण्याच्या आदल्या दिवशी केसांच्या टोकांना लावा फार तर. आणि तळलेलं, गोड कमी करा. पालेभाजी खाऊ दे तिला, पाणी पिऊ दे, वेळेवर झोपू दे. फोडायचं नाही. हे केलंत तर औषधाचा उपयोग."

आईचा चेहरा बदललेला मला दिसला. तिचा अपमान झाला होता. इतक्या वर्षांची तिची माया कुणीतरी एका वाक्यात रोगाच्या खात्यात टाकली होती. व्हरांड्यात आल्यावर ती भडकली.

"डोक्याक तेल बंद? घरात सुतक पडला हा काय? माणूस मेल्यावर डोक्या सुक्या ठेवतत. मी जित्ती असेपर्यंत माझ्या चेडवाच्या डोक्याक तेल लागतलाच. मी मेल्यार काय ता करा."

मी म्हटलं, "अगं आई, हळू. लोक बघतात."

तेल बंद झालं नाही. खरं सांगते, मीही हट्ट धरला नाही. डॉक्टरीणबाईंचं म्हणणं मला पटलं होतं. पण संध्याकाळी ती उंबऱ्यावर बसून "हय बस गो" म्हणायची, आणि मला नाही म्हणावंसं वाटायचं नाही.

जिना

चिठ्ठीमुळे शाळा परत मिळाली. पण दर आठवड्याला इस्पितळात जावं लागे. लांब रांग, मग एक नर्स बारीक हत्याराने गाठी मोकळ्या करायची, त्यावर गंधकाचा वास मारणारं गुलाबी पाणी लावायची. आग आग व्हायची. परतीच्या गाडीत माझा चेहरा रंगवल्यासारखा दिसायचा आणि समोरची मुलं आईच्या कुशीत तोंड लपवायची. घरी आलं की पुन्हा तेल. दुखणं म्हशीला आणि डाग पखालीला, अशातली गत. चेहरा थोडा निवळायचा, पुन्हा भरून यायचा.

मी एकटी जाते म्हटलं, तरी आई ऐकायची नाही. डबा घेऊन बरोबर यायची. त्या इस्पितळाचा जिना उंच होता. सुरुवातीला ती मध्ये एकदा थांबायची. मग दोनदा. मग कठड्याला धरून खिडकीतून बाहेर बघत उभी राहायची आणि म्हणायची, "थांब, ह्या झाड बघूया." पायथ्याशी एक बदामाचं झाड होतं. ते झाड बघण्यासारखं काही नव्हतं.

एकदा डॉक्टरीणबाईंनीच तिला हेरलं. माझं काम झाल्यावर त्या आईला म्हणाल्या, "तुमचे ओठ निळसर दिसतात. पाय सुजलेत का? बघू." आईने लुगड्याचा काठ खाली ओढला.

"माझा सोडा बाय. हिचा काय ता बघा."

"खाली हृदयाचा विभाग आहे. मी चिठ्ठी देते. आजच जाऊन या."

"पुढल्या खेपेक जातलंय," आई म्हणाली.

मी तिला न्यायचा प्रयत्न केला. पायरीवर भांडण झालं आमचं. तिचं म्हणणं, गाडी चुकेल. बाबांना घरी सांगितलं, तेही चिडले, मग घाबरले, मग त्यांनी पुढच्या आठवड्याला स्वतः रजा घेऊन न्यायचं ठरवलं. आईचा धोशा एकच होता. माझ्या साध्या दम्यापायी पोरीचा औषधाचा वार चुकवू नका.

बाबांनी नेलं तिला. तिथले डॉक्टर म्हणाले, हृदयाची झडप लहानपणापासूनच खराब आहे, फार उशीर झालाय. गोळ्या दिल्या, मीठ बंद केलं, पडून राहायला सांगितलं. पडून राहणं तिला माहीत नव्हतं. तरी पौषात ती खाटेला खिळलीच.

खाटेवरूनही संध्याकाळ झाली की ती हात वर करायची. मी वाटी घेऊन खाली जमिनीवर बसायचे. बोटांत जोर उरला नव्हता. तेल लावणं कसलं, नुसती बोटं केसांत ठेवलेली असायची. एवढ्याशाने ती दमायची, आणि तरी शेवटी तळहात माझ्या गालांवरून फिरवल्याशिवाय ती मला उठू देत नसे.

एका दुपारी मी शाळेतून आले तर शेजारच्या काकू दारात उभ्या होत्या. त्यांनी मला नुसतं जवळ ओढलं, आणि मला कळलं. आई गेली होती. अंगणात तिच्या सांगण्यावरून मी सकाळी वाळत घातलेलं खोबरं तसंच पडलेलं होतं. कावळे त्याच्यावर बसले होते आणि त्यांना हाकलायचं कुणाला सुचलं नव्हतं.

सुतक

त्या दिवसांबद्दल फार लिहिता येत नाही. घर माणसांनी भरलं आणि तरी रिकामं होतं. आमच्यात सुतकात फोडणी घालत नाहीत, तळत नाहीत, गोड करत नाहीत, मासळी तर नाहीच. डोक्याला तेल लावत नाहीत. भुईवर चटई टाकून झोपायचं. आरसा कुणीतरी भिंतीकडे तोंड करून ठेवला होता.

शेजारणी आळीपाळीने जेवण आणायच्या. मऊ भात, बिनफोडणीचं वरण, उकडलेली भाजी. गोराईहून होडीने येणारी आमची भाजीवाली होती, फिलूबाय. आईशी तिची रोज घासाघीस चालायची, इतकी की बघणाऱ्याला वाटावं, ह्या दोघी वैरिणी आहेत. ती रोज सकाळी काही न बोलता दारात पालेभाजीची जुडी ठेवून जायची. माठ, चवळी, लाल मुळ्याचा पाला. मी एकदा पैसे पुढे केले तर तिने हात मागे घेतला आणि डोळे पुसत म्हणाली, "खा गं बाय. ती असती तर माझ्याशी भांडली असती." माझ्या आठवणीत त्या दिवसांतली तेवढीच एक गोष्ट ऊबदार आहे.

रडून रडून मी दिवेलागणीलाच झोपून जायचे. तहान लागली की विहिरीचं पाणी प्यायचे. चेहऱ्याकडे माझं लक्ष नव्हतं. पहिल्यांदाच नव्हतं. गाठी फोडाव्यात, दाबाव्यात, चाचपाव्यात, हेही सुचत नव्हतं.

तेराव्याच्या सकाळी विहिरीवर तोंड धुताना हात कपाळावरून फिरला आणि थांबला. काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. मी पुन्हा हात फिरवला. जुने डाग होते, खडबड होती, पण दुखत नव्हतं. नवीन एकही गाठ नव्हती. कपाळ कोरडं होतं, आणि कितीतरी वर्षांनी ते मला स्वतःचं वाटलं.

आणि मग मला व्हरांड्यातलं तिचं बोलणं आठवलं. मी मेल्यार काय ता करा. मी विहिरीच्या कठड्याला धरून खाली बसले. डॉक्टरणीने सांगितलं होतं तेच सगळं झालं होतं. तेल बंद, तळण बंद, गोड बंद, पालेभाजी, पाणी, झोप. ते करायला आईला मरावं लागलं होतं. माझ्या तोंडावर हात होते आणि मला त्या कोरड्या कपाळाचा इतका राग आला की वाटलं, ओरबाडून काढावं.

वाटी

तेराव्याला दुपारी शांतामावशीने, आईच्या धाकट्या बहिणीने, वाटीत तेल ओतून आणलं. सुतक सुटलं की घरातल्यांच्या डोक्याला तेल घालायची रीत आहे. आईनेच केलेलं तेल, बरणीत उरलेलं. वास खोलीभर झाला. जास्वंद, माका, खोबरं. आई आत स्वयंपाकघरात आहे आणि आता हाक मारेल, असं वाटावं तसा तो वास होता.

"सुतक सुटला. हय बस," मावशी म्हणाली. आवाजसुद्धा आईचाच.

मला त्या वाटीत तोंड बुडवावंसं वाटत होतं, हे कुणाला खरं वाटणार नाही. मी बसले. मावशीने बोट बुडवून एक थेंब टाळूवर ठेवला. मग ओंजळ भरायला लागली, तेव्हा मी तिचं मनगट धरलं.

"पुरे, मावशी."

"पुरे कसा? डोक्या सुक्या खडखडीत झाला हा."

"नको. आता नाही लावायचं."

मावशी माझ्याकडे बघत राहिली. "आवशीचा तेल नको झाला तुका?" तिने विचारलं. "चौदा दिवस नाय झाले जावन."

काय सांगणार होते मी? की तुझ्या बहिणीचा हातच माझ्या तोंडावर गाठी होऊन उठत होता? ते खरं होतं आणि ते कधीच कुणाला सांगण्यासारखं नव्हतं. मी एवढंच म्हणाले, "तिला माझं तोंड साफ बघायचं होतं गं." मावशीला काही कळलं नाही. ती वाटी घेऊन आत गेली आणि कितीतरी दिवस माझ्याशी तुटक वागली. आईची उरलेली बरणी मी फडताळात वर ठेवली. पावसाळ्यात तेल खवट झालं, तरी टाकवेना. शेवटी बाबांनीच ती कुठेतरी नेली.

घाई असलेल्या मुलींसाठी

तर मुलींनो, हे करा. डोक्याला रोज तेल थापू नका. लावायचंच तर न्हाण्याच्या आदल्या संध्याकाळी, तेही टोकांना, आणि केस बांधून झोपा. उशीचा अभ्रा सारखा धूत जा. तळलेलं आणि गोड सणापुरतं ठेवा. रोजच्या जेवणात भाकरी, वरण, पालेभाजी, ताक असू दे. फळ मिळेल ते खा, पेरू काय वाईट असतो? पाणी प्या. दिवसातून दोनदा साध्या पाण्याने तोंड धुवा आणि नुसतं टिपा, घासू नका. वेळेवर झोपा. परीक्षेच्या दिवसांत पुटकुळ्या वाढतात ते जागरणानं, देवाच्या कोपानं नव्हे. आणि काही झालं तरी फोडू नका.

ह्याने एका रात्रीत काही होत नाही. मला धड दिसायला होळी उलटून गेली. काहींना एवढ्याने भागतही नाही. गाठी मोठ्या असतील, ठणकत असतील, तर डॉक्टरकडे जा आणि पाटीवर काय लिहिलंय त्याला घाबरू नका. डाग माझेही पूर्ण गेलेले नाहीत. उन्हात जवळून बघितलं तर दिसतात. आणि तुमची आई तेलाची वाटी घेऊन आली तर तिच्यावर ओरडू नका. डोकं तिच्या मांडीवर ठेवा आणि म्हणा, आज नुसतंच चेप.

हे मला तेव्हा सुचलं नाही. नुसतंच चेप, इतकं सोपं होतं ते.

दिवाळी

आईला जाऊन काही महिने झाले होते. एकदा संध्याकाळी बाबा कामावरून आले, सदरा खुंटीला लावला आणि वळले. मी खिडकीशी वह्या तपासत होते, उजेड तोंडावर होता. ते तसेच उभे राहिले.

"ती असताना का नाही गं झालीस बरी?" ते म्हणाले.

रागाने नव्हते म्हणाले. तोंडून निघून गेलं त्यांच्या. मग कळशी उचलून विहिरीवर गेले. घरातले सगळे हंडे भरलेले होते.

पहिल्या वर्षी आम्ही सण केले नाहीत. दुसऱ्या वर्षी दिवाळी आली. नरक चतुर्दशीच्या आदल्या दिवशी बाबांनी खोबरेल आणलं, अंगणातली जास्वंद तोडली आणि चुलीवर तेल चढवलं. त्यांना काही येत नव्हतं. फुलं करपली. मी माका कुठे मिळतो ते सांगितलं, मग दोघांनी मिळून दुसऱ्यांदा केलं. पहाटे ते उंबऱ्यावर जाऊन बसले, आईच्या जागी. मला हाक मारायला त्यांना जड जात होतं. मी आपणच पायरीवर बसले.

बाबांनी तेल लावलं. गिरणीतले हात ते, केस ओढले जात होते. लावून झालं आणि त्यांनी क्षणभर विचार केला. मग हाताला राहिलेलं तेल माझ्या दोन्ही गालांवरून फिरवलं. इतकी वर्षं ते बघत होते, हे मला माहीतच नव्हतं. मी डोळे मिटून घेतले आणि गाल बाजूला घेतला नाही.

चार-पाच दिवसांनी कपाळावर एक गाठ आली. ठणकणारी, लाल. मी तिला काही लावलं नाही.

आता बाबाही नाहीत. मी ते तेल दर दिवाळीला करते, थोडंसंच, आणि चतुर्दशीला स्वतःच्या हाताने लावते. उरलेलं गालांवरून फिरवते. वर्षाचं तेवढं एकच कुपथ्य. तुम्ही ते करू नका, मी करते. सुट्टी संपून शाळा भरते तेव्हा मुली टक लावून बघतात आणि एखादी धीट पोरगी म्हणते, "बाई, तुम्हालापण आली!"

"हो, आली," मी म्हणते. "वह्या काढा."

आठवड्याभरात कपाळ पुन्हा गुळगुळीत होतं. त्यानंतर काही दिवस, मुली लिहीत असतात तेव्हा, मी त्या जागेवरून बोट फिरवत बसते.